दोनदा क्लच

"सर, गाडीला पॅडल तीन आणि माणसाला पाय दोन. मग तिसरा पाय कुणाचा?"

हा प्रश्न शिवन्याचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणींचा, इकरा आणि अन्वीचा होता, आणि पहिल्याच तासाला विचारला नाहीस तर आठवडाभर आमची दप्तरं उचलायची, अशी पैज लागली होती. शिवन्या रेडेकर काही दप्तरं उचलणाऱ्यांतली नव्हती. म्हणजे, आता नव्हती. दहावीपर्यंत हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज पुढच्या बाकाला ऐकू जात नसे, ती अकरावीत गेली आणि दावं तुटलेल्या वासरासारखी सुटली. कबड्डीत चढाई, वक्तृत्वात ढाल, आणि आता आजऱ्याच्या जमादार मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशीच हात वर.

जमादार सरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "तिसरा पाय अकलेचा असतो. आणलायस का घरातनं?"

"आणलाय सर. अजून पिशवीतनं काढला नाही."

वर्ग हसला, सरही हसले, आणि इकरानं मागून तिच्या पाठीत गुद्दा घातला.

गाड्या आपल्या आपण चालायला लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. लोक त्यांना 'आपोआप'च म्हणायचे. "आपोआपनं कोल्हापूरला जाऊन येतो," असं. त्या एकमेकींशी आणि रस्त्याकडेच्या खांबांशी सतत बोलत असत आणि त्या बोलण्यावरच चालत असत. पण आंबोलीच्या घाटात वर्षातले कितीतरी महिने धुकं, त्यात दरडीबरोबर खांब आडवे व्हायचे. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर आपोआप गाडी निमूट कडेला उभी राहायची आणि गोड आवाजात सांगायची, पुढचा प्रवास शक्य नाही. म्हणून सरकारनं घाटाकडच्या लोकांसाठी तीन पॅडलांच्या जुन्या गाड्या चालू ठेवल्या होत्या आणि सोळा वर्षं पुरी झालेल्यांना त्यांचा परवाना. घरटी एकाला तरी तो लागायचाच.

रेडेकरांच्या घरात तो कुणाकडेच नव्हता. बाबांनी आपला परत केला होता. आणि राजवीर, शिवन्याचा मोठा भाऊ, चार वर्षांमागं डेंग्यूनं गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बाबा-दादा मिळून आजूबाजूच्या वाड्यांवरचा काजू पिकअपमधून घाटाखाली पोचवायचे. दादा गेल्यावर बाबांनी पिकअप भंगारात घातली आणि पुन्हा कुठल्या स्टिअरिंगला हात लावला नाही. आई काजूच्या शेडपर्यंत जायची आणि परत यायची. त्यापलीकडचं जग तिनं सोडून दिल्यासारखं होतं.

शिवन्यानं शिकायचं काढलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "शिकायचं तर शीक. मला शिकवायला सांगू नको."

पहिले काही दिवस नुसती फजिती. शिवन्या क्लच सोडायची आणि गाडी बेडकासारखी दोन उड्या मारून गप व्हायची. क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांच्यामधला मध्यस्थ, सर सांगायचे. पाय दाबलास की दोघांची गाठ सुटते, उचललास की बसते. भसकन उचललास तर चाकाचं ओझं एकदम इंजिनाच्या डोक्यावर. "दोघांना जरा एकमेकांची ओळख करून घेऊ दे की," सर म्हणायचे. मागच्या सीटवर अन्वी पोट धरून हसायची. तिची पाळी आली की शिवन्या.

मग ठशाचा दिवस आला.

ठसा हे त्या काळातलं नवलच होतं, पण त्यामागची गोष्ट जुनीच. माणसाच्या आठवणी एका कप्प्यात नसतात. सायकल शिकलो तो दिवस कोणता होता, सोबत कोण होतं, हे मेंदूचा एक भाग जपतो आणि पुष्कळदा विसरतो. तोल कसा सांभाळायचा हे मात्र मागच्या बाजूचा लहान मेंदू जपतो, आणि तो सहसा विसरत नाही. म्हणून तर नातवंडांची नावं हरवलेली म्हातारीसुद्धा भाकरी गोल थापते. शास्त्रज्ञांनी एक टोपी बनवली. तयार चालकाला ती घालून, हातापायांवर पट्ट्या बांधून, गाडी चालवायला लावायची. कोणता स्नायू केव्हा किती आवळला आणि त्या क्षणी लहान मेंदूत काय झालं, याची जोडी नोंदली जायची. तो झाला नमुना. मग नवशिक्याला तीच टोपी घालून चुंबकाच्या बारीक झटक्यांनी त्याच्या मेंदूत तीच वाट आखायची. नमुने देणाऱ्यांची नावं कुणालाच सांगत नसत. इथं जमादार सरांकडं घाटात घेतलेला एकच नमुना होता, त्यामुळं निवडायचा प्रश्नच नव्हता.

"दुखतंय का सर?"

"नुसतं मुंग्या आल्यागत वाटंल. तोंड बंद ठेव म्हणजे झालं. तेच तुला दुखंल."

टोपी काढून ती गाडीत बसली आणि तिचा डावा पाय तिला न विचारता कामाला लागला. क्लच अर्ध्यावर आला, तिथं क्षणभर विसावला, गाडी थरथरली आणि लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. शिवन्या मोठ्यानं हसत सुटली. दुसऱ्या कुणाच्या तरी तळहातावर बसून आपण गावभर फिरतोय, असं तिला वाटलं. एकच गोष्ट विचित्र होती. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना तिचा पाय क्लच दाबायचा, सोडायचा आणि पुन्हा दाबायचा. दोनदा.

"हे काय करतीस?" इकरानं विचारलं.

"मी कुठं करतेय," शिवन्या म्हणाली. "होतंय."

ठसा घेतलेल्या मुलांनी पहिल्या रविवारी घरच्यांना गाडीत बसवून गावाबाहेरच्या रामतीर्थापर्यंत न्यायचं, अशी सरांच्या स्कूलची रीत होती. बॉनेटवर नारळ फोडायचा, खोबरं मागच्या सीटवर द्यायचं आणि निघायचं. सर शेजारी बसत; त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक असे. आईला घराबाहेर काढायला शिवन्याला दोन दिवस तिच्यामागं भुणभुण करावी लागली होती. अखेर ती आली. जुनीच साडी, पण केस विंचरलेले. ती सरांच्या मागं बसली आणि बाबा शिवन्याच्या मागं.

गाव संपलं, पुढं उतार आला. शिवन्यानं गिअर कमी केला. पाय दोनदा खाली-वर झाला. मधल्या क्षणी इंजिनानं एक छोटा हुंकार दिला आणि दुसरा गिअर आवाज न करता पडला. डावा तळहात गिअरच्या मुठीवरच राहिला आणि मधलं बोट मुठीवर टकटक करत राहिलं.

"थांब," आई म्हणाली. "थांबीव गाडी."

शिवन्यानं गाडी कडेला घेतली. तिला वाटलं आईला मळमळतंय. मागं वळून पाहिलं तर आई तिच्या तोंडाकडं बघतच नव्हती. तिच्या हाताकडं बघत होती.

"हे बोट," आई म्हणाली आणि बाबांकडं वळली.

बाबाच बोलले, खिडकीबाहेर बघत. "आपल्या पिकअपचा दुसरा गिअर झिजला होता. सरळ टाकला की खरखरायचा. म्हणून मध्ये एकदा क्लच सोडून इंजिनाला वेग द्यायचा, मग परत दाबून टाकायचा. नव्या गाडीला हे कुणी करत नाही. मी करायचो. राजूला मी शिकवलं. घाटात नमुने घ्यायला शिबिर भरलं होतं. टोप्या घालून पोरं गाड्या चालवत होती. मीच नेलं होतं त्याला. अठराचा झाला होता नुकताच."

जमादार सरांनी हळूच दार उघडलं आणि ते खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पाठ करून.

मागच्या सीटवरून आईचा हात पुढं आला आणि शिवन्याच्या डाव्या मनगटावर बसला. इतकी वर्षं तो हात बर्फासारखा गार लागायचा. आता तो तापल्यागत गरम होता.

"चालव," आई म्हणाली. "चालव की गं."

त्यानंतर आई रोज यायला लागली. सरांनी काही विचारलं नाही; मागची सीट तिच्यासाठी मोकळी ठेवत. आई डबा करून आणायची, सरांना खोबऱ्याची वडी द्यायची, इकराच्या अम्मीची चौकशी करायची. शेडमधल्या बायकांशी ती पुन्हा बोलायला लागली. एकदा तर ती हसली, आणि बाबा जेवता जेवता तिच्याकडं बघत राहिले. गाडी सुरू झाली की मात्र ती डोळे मिटून घ्यायची आणि कान देऊन बसायची. दोनदा क्लच, मधला हुंकार, मुठीवरची टकटक. एका उताराला ती झोपेतल्यासारखी पुटपुटली, "राजू, हळू रे बाळा."

शिवन्यानं आरशात पाहिलं नाही. तिनं गाडी हळू केली.

तिला सुरुवातीला आनंदच झाला होता, हे खरं सांगायला हवं. घरात चार वर्षं साचलेलं पाणी तिच्या एका पायानं वाहतं झालं होतं. कुणाला आवडणार नाही. आणि दादा तिचाही होता. ती बारा वर्षांची असताना तो गेला होता. त्याचा आवाज कसा होता हेसुद्धा आता तिला धड आठवत नव्हतं. आता तो तिच्या पोटरीत होता, मनगटात होता. शाळेत बाकाखाली तिचं बोट आपोआप टकटक करायचं आणि तिचे डोळे भरून यायचे.

पण त्या पोटरीनं तिला आणखीही काही सांगितलं. सरावासाठी सर त्यांना घाटात न्यायला लागले तेव्हा कळलं ते. एखाद्या वळणावर बाजूची दरी एकदम उघडी पडली की तिचा डावा पाय क्लचवर जाऊन अधांतरी थांबायचा आणि पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची. दरवेळी, तशा प्रत्येक वळणावर. शिवन्याला स्वतःला दरीची कसलीच भीती नव्हती. लहानपणापासून ती कठड्यावर बसून मक्याची कणसं खात आली होती. टोपी मनातलं काही नोंदत नाही, असं सर म्हणायचे. पण भीती राहते कुठं? पोटरीतच की. आणि मग तिच्या लक्षात आलं, बोट टकटक करतं ते याच वेळी सगळ्यात जास्त. दादा हात थरथरू नये म्हणून टकटक करायचा.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. आई सगळ्यांना सांगायची, माझं पोर दरीला कधी भ्यालं नाही.

मग एका सकाळी बाजारापुढच्या चढावर गाडी बंद पडली. शिवन्यानं क्लच भसकन सोडला होता. मागून एक टेम्पोवाला ओरडला. तिनं पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा निघाली, पण गिअर कमी करताना पाय एकदाच खाली गेला, सरळ, सगळ्या दुनियेचा जातो तसा.

मागच्या सीटवर आई पुढं सरकली.

"काय झालं सर?" आईनं विचारलं. "बिघडलं काय?"

सरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. "बिघडलं नाही वहिनी. व्हायचं तेच होतंय. ठसा कच्चाच असतो. वेलाला काठी लावावी तसा. पोरगी रोज चालवते, तिचा मेंदू आपली वाट पाडतो, आणि ठशाची वाट गवतात जाते. आणखी थोड्या दिवसांनी ती रेडेकरांच्या पोरीसारखी चालवंल. दुसऱ्या कुणासारखी नाही."

"पुन्हा मारायचा मग ठसा."

"एकदा स्वतःची वाट पडली की तोच ठसा पुन्हा धरत नाही."

"मला द्या मग. मी शिकते गाडी."

सरांनी मान हलवली. "पंचविशीनंतर मेंदू तो घेत नाही वहिनी."

सर गप्प राहिले असते तर बरं झालं असतं, असं शिवन्याला नंतर पुष्कळदा वाटलं. पण ते खोटं बोलणारे नव्हते, आणि आईनं विचारलं, काहीच उपाय नाही का. तेव्हा त्यांनी सांगितलं. ठसा पक्का करता येतो. लकवा झालेल्यांसाठी ती सोय निघाली होती. सराव पूर्ण थांबवायचा, म्हणजे गवतातली वाट पुन्हा वर येते, आणि त्याच वाटेवर टोपीनं पुन्हा पुन्हा रूळ फिरवायचा. मग ती डांबरी होते. जन्मभर जात नाही. पण डांबरावर नवी पायवाटही पडत नाही. नमुना देणाऱ्याला जेवढं येत होतं तेवढंच येणार, तसंच येणार. आईबापांची संमती लागते, आणि ज्याच्या डोक्यावर टोपी चढणार त्याचीही.

त्या दिवसापासून आईनं तिला गाडीला हात लावू दिला नाही. "उगाच सराव नको," ती म्हणायची, आणि शिवन्याच्या ताटात तूप वाढायची. रागावली असती तर भांडता आलं असतं. शिवन्या आता भांडायला कुणाला ऐकत नव्हती. पण आई विनवत होती, आणि त्याच्याशी कसं भांडायचं हे अकरावीत कुणी शिकवलं नव्हतं.

"फक्त गाडी चालवण्यापुरतंच की गं," आई म्हणाली. "बाकी सगळी तू तूच. एवढं एक त्याचं राहू दे."

बाबांना विचारलं तर ते काजूच्या बिया चाळत म्हणाले, "तुझी आई चार वर्षांनी जेवायला बसली, शिवे. मी काय सांगू."

इकराला आणि अन्वीला तिनं मधल्या सुट्टीत सगळं सांगितलं, पोटरीचंसुद्धा. अन्वी म्हणाली, कर पक्का, तुझं काय जातंय, फुकटात परवाना. इकरानं चिंचेचा आकडा सोलून संपवला. मग म्हणाली, "तो अठराचा होता ना, टोपी घातली तेव्हा?"

"हां."

"म्हणजे जगला असता तर त्याची भीती आतापर्यंत गेली असती. सगळ्यांची जाते."

घंटा झाली तरी शिवन्या उठली नाही, आणि तिचं दप्तर त्या दोघींनी उचललं.

रविवारी तिनं सरांना विनंती केली. एकदा घाटात जाऊ, आई-बाबांना घेऊन. आई आधी नको म्हणाली, मग एकदाच म्हणून तयार झाली. इतक्या दिवसांच्या विश्रांतीनं ठसा पुष्कळसा जागेवर आला होता. शिवन्यानं आपल्या पायाला मोकळं सोडलं. करू दे त्याला त्याचं. गवसे गावापासून पुढं गाडी अशी काही गेली की सरांनी जादा ब्रेकवरून पाय काढून घेतला. दोनदा क्लच, हुंकार, टकटक. आईनं डोळे मिटले. बाबांचा डावा हात मांडीवर गिअर टाकत होता; त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. घाट लागला. दरी उघडी पडली, पोटरी आवळली. पुढचं वळण, पुन्हा. त्याच्या पुढचं, पुन्हा. शिवन्या दात आवळून चालवत राहिली आणि मनात म्हणत राहिली, आहे मी, दादा, आहे इथंच, जा तू पुढं.

कठड्याजवळ मोकळी जागा होती तिथं तिनं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. सर चहा सांगतो म्हणून टपरीकडं गेले. गाडीत तिघंच उरले.

आईनं डोळे उघडले. तिचे गाल ओले होते आणि चेहरा शांत होता. "असाच राहू दे गं त्याला," ती म्हणाली. "असाच."

"असाच म्हणजे कसा, ते सांगू तुला?" शिवन्या म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता तितका मोठा निघाला नाही. "दरी दिसली की त्याचा पाय क्लचवर थांबायचा. पोटरी आवळायची. आत्ता येताना प्रत्येक वळणाला आवळली माझी, आणि मला तर दरीचं काहीच वाटत नाही. ती टकटक आहे ना, ती हात थरथरतोय हे बाबांना दिसू नये म्हणून होती."

बाबांचा मांडीवरचा हात थांबला.

"माझ्याशेजारीच बसायचा तो," ते म्हणाले. "मला वाटायचं मजेत आहे."

"तो नुकता शिकला होता, बाबा. अजून शिकतच होता. आणखी एकदोन वर्षांत त्याला काही वाटलं नसतं." ती सीटवर पूर्ण मागं वळली, आईच्या समोर. "आई, पक्का केला तर तो इथं बसेल, जन्मभर बसेल, खरंय. पण मी पन्नास वर्षांची झाले तरी तो अठराचाच. दरवेळी या वळणांवर भिणार. आणि त्याला कुणी सांगू शकणार नाही की संपलं, आलो आपण."

आईनं तोंडाला पदर लावला. बाहेर टपरीवर कुणीतरी हसलं, कपबशा वाजल्या. शिवन्याचं बोट गिअरच्या मुठीवर टकटक करायला लागलं. तिनं दुसऱ्या हातानं ते बोट अलगद धरलं, लहान मुलाचं धरावं तसं, आणि ते थांबेपर्यंत धरून ठेवलं.

"तर आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "ठसा पक्का करायला मी हो म्हणणार नाही. उद्यापासून मी पुन्हा सरावाला जाणार. गाडी बंद पडेल, उड्या मारेल, लोक मागून ओरडतील. दादाचा पाय हळूहळू जाईल, आणि मी त्याला जाऊ देणार आहे. मागची सीट तुमच्यासाठी मोकळी असेल. यायचं असेल तर माझ्यासाठी या."